खिंड दिसते का?

३ जुलै, सोमवार

आज आमच्या पा-तेराप गावाने मला रेडिओवर बसवलं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी नोकरी लागली, तीही बिनपगारी.

झालं असं. कॅप्टन रोंडोनुवू सकाळी विमानातून उतरले ते थेट चर्चच्या अंगणात आले आणि पाणीसुद्धा न पिता बोलायला लागले. "या वर्षात पाच वेळा तुमच्या गावाने 'हवा चांगली' असं सांगितलं, आणि पाचही वेळा मी खिंडीवरून माघारी गेलो. शहरातून मला तुमचा डोंगर दिसत नाही. पन्नास मिनिटं उडालो की मग दिसतो. आता ऑगस्टअखेरपर्यंत बघणार. आणखी तीन खोट्या खबरा आल्या, की पा-तेराप माझ्या यादीतून कायमचं गेलं."

गेलं म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागलं नाही. दुसरी धावपट्टी दोन दिवसांच्या चालीवर आहे. साखर, तेल, औषधं, अडलेली बाळंतीण, सगळं माणसाच्या पाठीवरून.

गावप्रमुख लालुंग म्हणाले, "कॅप्टन, तुम्ही विचारता, 'येऊ का?' आता पाहुण्याला 'येऊ नका' म्हणायची आमच्यात रीत नाही. आमच्या आजोबांनी डोकं कापायला आलेल्यालाही आधी 'या, बसा' म्हटलं होतं."

"मी पाहुणा नाही. मी लोखंडाच्या पेटाऱ्यात बसून येतो."

म्हाताऱ्या दावातने मान खाली घातली. अकरा वर्षं रेडिओवर तोच होता. अकरा वर्षांत त्याने एकदाही 'चांगली'शिवाय दुसरा शब्द उच्चारला नाही. एकदा तर पत्र्यावर पाऊस इतका आदळत होता की त्याला प्रश्नच ऐकू आला नव्हता. उत्तर मात्र दिलं.

मग कुणीतरी माझं नाव घेतलं, म्हणजे लेकीचंच; आमच्यात मूल झालं की त्याच्या नावाने बाप 'तामा' अमका आणि आई 'सिना' अमकी होते. "तामा रिनायला बसवा. त्याला कुत्र्याच्या आधी विमान ऐकू येतं." हे खरं आहे. तरुणपणी मी मिठाची पोती पाठीवर घेऊन सरहद्द ओलांडायचो, तेव्हा एका डोंगरापलीकडचे शिपायाचे बूट मला ऐकू यायचे. माझं दुकान या कानांवर उभं आहे.

घरी आल्यावर बायको, सिना रिनाय, म्हणाली, "कान कशाला? तिथे डोळे लागणार ना?" बायकांना यंत्रातलं काही कळत नाही.

४ जुलै, मंगळवार

आज कॉफी बिनसाखरेची. विचारलं तर म्हणाली, "असं होय? मला यंत्रातलंच कळत नाही असं नाही, कॉफीतलंही कळत नाही." बायको कधी कुठलं बोलणं कुठे जोडेल, सांगता येत नाही.

५ जुलै, बुधवार

कॅप्टननी दोन तास शिकवलं. वाटतं तितकं सोपं नाही.

आधी ऐकायचं, कुणी बोलतंय का. मग बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी, आपलं नंतर. बाजारात आपण उलटं करतो, आधी 'मी!' मग बाकीचे. आकडा एकेक करून सांगायचा. सांगितलेलं आपण परत म्हणून दाखवायचं, म्हणजे चूक तिथेच पकडली जाते. (हे मी दुकानात पूर्वीपासून करतो. 'दोन किलो म्हणालात ना?' नाहीतर संध्याकाळी भांडण.) न कळलं तर 'पुन्हा सांगा', त्यात लाज नाही. विमानाला शेपटीवरच्या शेवटच्या अक्षरांनी हाक मारायची, ती अक्षरं आर वाय, पण रेडिओवर म्हणायचं रोमिओ यांकी.

"आणि पाक," कॅप्टन म्हणाले (शहरात मोठ्या माणसाला 'पाक' म्हणतात, बाईंना 'इबू'), "हवा चांगली की वाईट हे तुम्ही सांगायचंच नाही. ते मी ठरवेन. तुम्ही दिसतं तेवढं सांगा. खिंड दिसते का? तिचे दोन्ही खांदे दिसतात का? टेकडीवरचा क्रूस? वारा कुठून? पट्टीवर पाणी? म्हशी?"

खिंडीचं एवढं का, ते त्यांनी जमिनीवर काटकीने काढून दाखवलं. आमची पट्टी चढाची, समोर डोंगर. एकदा खिंडीतून आत शिरलं की परत वळायला जागा पुरत नाही.

ते ऐकून मी कॉफी खाली ठेवली.

६ जुलै, गुरुवार

सराव म्हणून शहरातल्या केंद्राला हाक मारली. तिकडे इबू सुमार्ती असतात. जावा बेटावरच्या बाई, आवाज तुपासारखा. पण एक शब्द जास्त नाही. छान झालं. म्हणून सिनेला करून दाखवायला घराशेजारच्या रेडिओच्या खोपीत घेऊन बसलो. तिथे आमचं काळ्या डुकरावरून वाजलं. तिला ते विकायचं नव्हतं, मला होतं.

नंतर कळलं, मी बटणावर कोपर टेकून बसलो होतो. चौदा मिनिटं. एक जण बोलत असला की दुसऱ्याला बोलता येत नाही, त्यामुळे चार गावं, दोन विमानं आणि केंद्र सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरून आमचा संसार ऐकला. एक विमान ढगात होतं आणि त्याला खाली विचारता येत नव्हतं.

कोपर उचललं तेव्हा इबू सुमार्ती म्हणाल्या, "पा-तेराप, केंद्र. बटण तपासा. आणि डुक्कर विकू नये असं आमचंही मत आहे."

डुक्कर राहिलं.

११ जुलै, मंगळवार

काल साखर संपली. दुकानात येणारं प्रत्येक तोंड वाकडं. सकाळी खिंड स्वच्छ. म्हणजे पातळ पांढरं काहीतरी होतं, पण ते चुलींचा धूर असणार. 'दोन्ही खांदे दिसतात' सांगितलं. विमान आलं, उतरलं. कॅप्टन खाली उभे राहून बराच वेळ खिंडीकडे बघत होते. त्यांना निसर्गाची आवड आहे.

साखर आली. सहा पोती.

एक गोष्ट लागली मात्र. माझी खबर घेतल्यावर इबू सुमार्तींनी लगेच शेजारच्या लाँग-रुंगान गावाला विचारलं, "तुमच्याकडून पा-तेरापची खिंड कशी दिसते?" माझ्या कानांदेखत! सोयरिकीआधी शेजाऱ्यांकडे चौकशी करतात तसं.

१४ जुलै, शुक्रवार

दुकान भरलेलं. सकाळी ढग. मी सगळं नीट सांगितलं: डावा खांदा अर्धा, उजवा नाही, क्रूसाचा फक्त पाया, पाच म्हशी. विमान निघालंच नाही.

शाळेतले गात मास्तर बॅग घेऊन उभे होते, त्यांना बदलीसाठी साहेबाला भेटायचं होतं. "तामा, एवढासा ढग! तुला सांगता आलं नसतं?"

"मास्तर, दिसलं ते सांगितलं. कर्तव्य म्हणजे कर्तव्य."

असं ठणकावून सांगताना बरं वाटतं. रेडिओवरचा माणूस कठोर असावा लागतो.

१८ जुलै, मंगळवार

तेल आणि शेवयांची पाकिटं काल संध्याकाळी संपली. सकाळी खिंड स्वच्छ. अगदी लखलखीत.

विमान खिंडीवरून परत गेलं. कॅप्टनचा आवाज आला, "पा-तेराप, रोमिओ यांकी. खिंडीत पांढरी भिंत आहे. परत जातोय."

त्यांनी म्हटलं ते मी परत म्हणून दाखवलं, नियमाप्रमाणे. "खिंडीत पांढरी भिंत. परत जाताय."

पन्नास मिनिटांत ढग कुठून कुठे जातो, त्याला मी काय करू? एक खबर खोटी धरली गेली. अन्याय आहे.

१९ जुलै, बुधवार

सिना रिनाय म्हणाली, "अन्याय झालेल्या माणसाला भूक कमी लागते," आणि ताटात एकच मुटका भात वाढला. ही बाई माझ्या मनातलं ओळखते. पस्तीस वर्षांचा संसार, दुसरं काय. वहीवर तेलाचं बोट उमटलेलं दिसलं, उंदीर झालेत.

२५ जुलै, मंगळवार

हे लिहायला हात होत नाही.

आता इराउची तारीख जवळ आली. बारा ऑगस्टला आमचा नाव बदलायचा इराउ, म्हणजे गावजेवणाचा सोहळा. रिनायला पहिला मुलगा झाला, सेलुतान, तीन महिन्यांचा. म्हणजे आम्ही आजी-आजोबा झालो, म्हणजे आमची जुनी नावं गेली. चार गावांसमोर नवं नाव पुकारायचं. रिनाय बाळाला घेऊन शहरातून विमानाने येणार. म्हैस ठरली, माणसं ठरली. फक्त कॉफी आणि साखर हवी होती, चारशे माणसांची.

आज सकाळी मला डावा खांदा दिसला. उजवाही दिसला. दिसला असं वाटलं.

विमान आत शिरलं. मग मला यंत्राचा आवाज ऐकू आला आणि तो जिथून यायला हवा तिथून येत नव्हता. खूप खालून, खूप डावीकडून आणि जोरात. मग लांब जात गेला. मग रेडिओवर कॅप्टन. त्यांनी एवढंच म्हटलं, "पा-तेराप. रोमिओ यांकी. वर आहे. परत जातोय." पण प्रत्येक शब्दामध्ये श्वास होता. पळत आलेल्या माणसाचा श्वास मी ओळखतो.

दोन झाल्या. आता एकच उरली.

२६ जुलै, बुधवार

सकाळी उठलो तर दुकानाची किल्ली खुंटीवर नाही. सिनेच्या कमरेला.

"आजपासून किल्ली माझ्याकडे. तुम्ही उठायचं, डोंगर बघायचा, काय दिसलं ते पाटीवर लिहायचं. मग किल्ली मिळेल."

"दुकानाचा आणि डोंगराचा काय संबंध?"

"काही नाही," म्हणाली. "मला आपलं वाटलं."

रात्रीचा हिशेब, सकाळचा माल, सगळं तीच बघते आता. काय संपलं, काय उरलं, मला सांगतसुद्धा नाही. म्हातारपणी बायका सत्ता घेतात, हे वडील सांगायचे.

४ ऑगस्ट, शुक्रवार

माझी नजर सुधारली आहे! सलग तीन खबरा बिनचूक. कॅप्टन म्हणाले, "पाक, क्रूसावर बसलेला बगळासुद्धा सांगितलात." जंगली पपईची पानं खातोय, त्याचा गुण असावा. इबू सुमार्ती अजून लाँग-रुंगानला विचारतात; पण आज विचारताना आवाजात जरा संकोच होता.

११ ऑगस्ट, शुक्रवार

पहाटे पाचला खोपीबाहेर आलो तर खोपीच नव्हती. एवढं धुकं.

"पा-तेराप, केंद्र. सहाची खबर?"

"केंद्र, पा-तेराप. खिंड दिसत नाही. क्रूस दिसत नाही. वारा नाही. पट्टी कोरडी. म्हशी..." मी डोळे ताणले. "म्हशीही दिसत नाहीत."

"ऐकलं. रिनाय बाळाला घेऊन प्रवाशांच्या वजनकाट्यावर उभी आहे. थांबतो." आणि इबू सुमार्तींच्या आवाजामागे, अगदी बारीक, एक रडणं ऐकू आलं. माझ्या कानांची मला पहिल्यांदाच चीड आली.

सातला तेच. आठला तेच. नऊपर्यंत अर्धं गाव माझ्या खोपीत. बाहेर म्हशीचं मांस शिजतंय, दोन दिवस चालून आलेली माणसं अंगणात बसलीत, आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो शहरात काट्यावर.

लालुंग माझ्या कानाशी म्हणाले, "तामा, आपण पाहुण्याला नको म्हणत नाही. तू तर पोटच्या पोरीला नको म्हणतोयस!"

पाळक बालांग म्हणाले, "आपण प्रार्थना करू. मग सांग." सगळ्यांनी डोळे मिटले. बराच वेळ. उघडले तेव्हा दारातला खांबही गेला होता.

"पाळकसाहेब," लालुंग म्हणाले, "प्रार्थना उलटी पोचली वाटतं."

मग गर्दीतून दावात पुढे आला. म्हाताऱ्याने हात पुढे केला. "हो बाजूला. मी बोलतो. अकरा वर्षं बोललोय. माझ्या बोलण्यावर कुणी मेलं का?"

"ते तुझं कर्तृत्व नाही दावात, कॅप्टनचं आहे." मी बोलायचं यंत्र सदऱ्यात घातलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं. गावात माझं हसं झालं ते झालं. चार पोती मीठ घेऊन शिपायासमोर उभा होतो तेव्हाही इतकं घट्ट काही धरलं नव्हतं.

दहा चाळीसला धुकं हललं. "दिसली! दिसली!" सगळे ओरडले.

कॅप्टनचा आवाज, विमान सुरू करून बसलेले. "पा-तेराप, रोमिओ यांकी. माझ्याकडे शेवटची पंधरा मिनिटं. पुढे दुपारचे ढग. काय दिसतंय?"

"डावा खांदा दिसतो."

"डावा दिसतो. उजवा?"

मी बघितलं. आणि शपथ घेऊन सांगतो, मला उजवा खांदा दिसला. त्याच्यावरचं वाकडं झाड दिसलं. झाडाच्या पुढे विमान दिसलं, विमानातून उतरणारी रिनाय दिसली, बाळाची टोपी दिसली, लाल.

तेव्हा मला पंचवीस तारखेचा उजवा खांदा आठवला. तोही असाच दिसला होता. त्याच्यापुढे साखरेची पोती दिसली होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सिना रिनाय हातात पळी घेऊन आत आली. मला वाटलं, आता ही रडणार, आता ही लेक मागणार, आणि मग मी सांगून टाकणार. ती माझ्याकडे न बघता डोंगराकडे बघत म्हणाली, "खिंड दिसते का?"

"...नाही."

"मग बसलात काय? सांगा ना त्यांना. विमानाचं तेल जळतंय उगाच."

मी बटण दाबलं. एक श्वास थांबलो. दोन थांबलो. "रोमिओ यांकी, पा-तेराप. उजवा खांदा दिसत नाही. खिंड बंद."

"उजवा दिसत नाही, खिंड बंद," कॅप्टन म्हणाले. "ऐकलं. आज रद्द."

सगळे निघून गेले. सिनाही गेली. पण तिची पावलं खोपीमागे थांबली आणि बराच वेळ पुढे गेली नाहीत. कान असे असले की माणसाला काही लपवून ठेवता येत नाही.

धुकं संध्याकाळपर्यंत तसंच होतं.

१२ ऑगस्ट, शनिवार

चारशे माणसं आणि शिजलेली म्हैस थांबवता येत नाही. इराउ झाला. बाळाच्या जागी बाळाची पाठीवरची टोपली ठेवली, मण्यांची, रिकामी. बायका तिला उचलून घेत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

रीत अशी, की आपण नाव पुकारायचं आणि लोकांनी ओरडून ते मान्य करायचं. सिनेने आपलं नाव पुकारलं, 'पहाटेची वाट'. लोक मनापासून ओरडले. मग मी उठलो. नाव सहा महिन्यांपूर्वी ठरवलं होतं, 'गडगडणारा डोंगर'. छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि मागून म्हाताऱ्या दावातचा आवाज आला:

"खिंडबंद!"

मग चारशे माणसं. खिंडबंद! खिंडबंद! पाळकसुद्धा. मी दोनदा 'गडगडणारा' म्हटलं, ते मलाही ऐकू आलं नाही. ज्या नावाला ओरडा मोठा, ते नाव. चार गावांसमोर मिळालेलं परत करता येत नाही.

लालुंगनी पाठीवर थाप मारली. "बस खिंडबंद, जेव. पाहुण्यांना नको म्हणतोस, निदान मांसाला तरी म्हणू नकोस."

१५ ऑगस्ट, मंगळवार

पहाटे बाहेर आलो. पाटीवर लिहिलं. किल्ली मागितली नाही.

"केंद्र, पा-तेराप. दोन्ही खांदे दिसतात. उजव्यावरचं वाकडं झाडही दिसतं. क्रूस दिसतो. वारा नाही. पट्टी कोरडी. सात म्हशी, हाकलतोय."

मग थांबलो. आता इबू सुमार्ती लाँग-रुंगानला विचारणार. त्यांचं विचारून होईपर्यंत सात म्हशी सहज हाकलून होतात. लाँग-रुंगानचा माणूस खाकरलासुद्धा, उत्तर द्यायला.

"ऐकलं," इबू सुमार्ती म्हणाल्या. "रोमिओ यांकी, निघा."

लाँग-रुंगानचा माणूस खाकरलेलाच राहिला. आणि माझ्या म्हशी पट्टीवरच होत्या! छप्पन्न वर्षांच्या पायांनी इतकं कधी पळलो नव्हतो.

विमान दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधून आलं. कॅप्टन उतरले, खिशातून यादी काढून विमानाच्या पंखावर ठेवली आणि पा-तेरापपुढच्या दोन लाल फुल्या, खोट्या खबरांच्या, अंगठ्याने घासायला लागले. शाई जाईना, तेव्हा थुंकी लावली.

रिनाय उतरली. बाळ आधी आईकडे दिलं आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"पाच तास, तामा. पाच तास काट्याशेजारी उभी होते. तुमचा एकेक ढग मला पाठ आहे."

"खिंड दिसत नव्हती गं."

"ती आज दाखवली मला कॅप्टननी, जवळून." तिने दोन्ही हात समोर धरले, मध्ये चौकटीएवढं अंतर. "एवढीशी आहे हो ती, तामा. एवढीशी." मग आईकडून बाळ घेतलं आणि माझ्या हातात दिलं. टोपी हिरवी होती.

जरा वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, "मग? नवं नाव काय ठेवलंत?"

सगळे म्हशींकडे बघायला लागले. शेवटी पहाटेची वाटच बोलली. रिनाय हसत हसत खाली गवतात बसली, कॅप्टनना विमानाला धरून उभं राहावं लागलं.

मी तिला समजावून सांगितलं की, काळजीचं कारण नाही, आणखी एक नातवंड झालं की गावाला समजावता येईल, पुन्हा इराउ घालता येईल, नाव बदलता येईल. तर कसं करायचं म्हणतेस?

"तामा," ती म्हणाली, "आधी याचे लंगोट तरी वाळू द्या."